माझ्याकडं बघ, तिकडं नको

अक्का, मंगळवारी सकाळी भुईमुगाच्या रानात रानडुकरानं तुला पाडलं. जीपमधून तुला धाराशिवला नेत होते. वाटेत तू गेलीस. मी भूमला वाचनालयात कामावर होतो. फोन दत्ताचा होता.

दोन एसट्या बदलून मी येडशीला पोचलो. तुला दवाखान्यातून परत आणायचं बाकी होतं. तू आलीस तेव्हा पाच वाजले होते. ओसरीवर निजवल्यावर मी तुझं तोंड पाहिलं. तोंडाला काही झालं नव्हतं, कपाळावर रानातली माती तेवढी होती. बाकीचं मला दाखवू नका, असं मी आधीच सांगितलं होतं. तरी आपल्या दत्तानं, चुलत्याच्या पोरानं, बांधापलीकडं ज्याचं रान आहे त्यानं, मांडीपासून कापड वर उचललं. "बघ," म्हणाला. "बघून घे मास्तर. निस्त्या पुस्तकात बघतोस."

मी पाहिलं, अक्का. डुक्कर सुळ्यानं खालून वर फाडतं हे मी वाचलं होतं. वाचलेलं आणि ते, यात काही संबंध नव्हता. अशा वेळी माझी हनुवटी धरून तोंड दुसरीकडं वळवणारं माणूस आजवर कायम माझ्याजवळ होतं. त्या दिवशी तेच माणूस खाली निजलेलं होतं, म्हणून माझी मान वळली नाही.

तुझी कुत्री जिलबी पायरीखाली बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं ती बघायची, थोडा वेळ थांबायची, मग पुढच्याच्या तोंडाकडं बघायची. तिच्या अंगावर ओरखडा नव्हता. माणसं त्यावरच बोलत होती.

"धा पावलांवर बसली व्हती म्हणं. हालली न्हाय."

"अक्कानं हातानं भाकर चारली हिला. टायमाला तमाशा बघत बसली."

"कारवानी म्हणवायची आन् ही असली."

मी कोपऱ्यात उभा राहून ऐकत होतो. त्या कुत्रीला तसं बसायला कुणी शिकवलं, हे त्या अंगणात एकट्या मला ठाऊक होतं. तिला तू शिकवलंस. तुला मी शिकवलं.

हे सगळं तुझ्या आधीच्या कुत्र्यापासून, भुऱ्यापासून सुरू झालं. कारवानी म्हणजे शिकारीचं कुत्रं; ते वासावर जात नाही, नजरेवर जातं. लांब काही हललं की त्याचे पाय सुटतात आणि कान बंद होतात. मागून कुणी हाक मारतंय हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. भुऱ्या तसाच होता. पिलं असलेल्या डुकरिणीमागं तो रामलिंगाच्या डोंगराखालच्या झुडपात शिरला आणि तू बांधावर उभी राहून घसा फुटेपर्यंत ओरडत राहिलीस. तो सापडला तेव्हा जिवंत होता. आतडी करवंदीच्या जाळीत अडकली होती आणि तो तुझ्याकडं सरकायला बघत होता. तू त्याच्या डोक्यात दगड घातलास. एकच. हे तू मला फोनवर सांगितलंस, शेजारी पाहुणे आलेत असं सांगावं तशा आवाजात. मग तू म्हणालीस, "पुढचं कुत्रं माझ्या तोंडाकडं बघणारं पायजे, मास्तर. रानाकडं न्हाय. बघणारं कुत्रं मरत न्हाय. तुझ्या पुस्तकात आसंल की कायतरी."

आमच्या वाचनालयात कुत्र्यांवर एकच पुस्तक होतं, पुठ्ठा गेलेलं, मधली पानं वाळवीनं खाल्लेली. मी ते दोनदा वाचलं. भूमच्या बाजारात मेंढ्या घेऊन येणाऱ्या एका ओळखीच्या धनगराकडून पिल्लू घेतलं आणि कापडी पिशवीत घालून एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय पिशवीत?" मी म्हणालो, "पुस्तकं." तो पिशवीखालच्या ओल्या जागेकडं बघत म्हणाला, "पुस्तकं मुतत्यात का?" सगळी गाडी हसली. तू पिशवीत डोकावलीस तेव्हा पिल्लू अंगाचं वेटोळं करून झोपलेलं होतं. "ही तर जिलबी हाय," म्हणालीस. डुकरांवर सोडायच्या कुत्रीला असलं नाव ठेवतात का, असं मी म्हणालो. तू म्हणालीस, "तू पुस्तकं ठेव. नावं मी ठेवती."

पहिला महिना तू काठीनं शिकवलंस. बाभळीची ती काठी, खालच्या टोकाला गाठ असलेली. जिलबीला दोरीनं खुंट्याला बांधायचीस, समोर उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "माझ्याकडं बघ." तिची नजर कोंबडीवर गेली की दोरीला हिसका. पुन्हा गेली की पाठीत काठी. चार महिन्यांचं पिल्लू ते. ती कशी ओरडायची हे मी ओसरीवरून ऐकायचो आणि हातातलं पान तसंच राहायचं. एका सुट्टीच्या दिवशी मी उठून आलो. तुला अडवायची हिंमत मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झाली.

"अक्का, ती तुझ्याकडं बघत नाही. काठीकडं बघते."

"एकच हाय ते."

"एकच नाही. काठी खाली ठेव आणि बघ."

तू काठी जमिनीवर टाकलीस. जिलबी जमिनीवरच्या काठीकडं बघत राहिली. तू तिला दोनदा हाक मारलीस. तिनं कान मागं घेतले, पण डोळे काठीवरच.

तू पायानं काठी लांब ढकललीस. मग म्हणालीस, "आबाच्या टायमाला मी हाताकडंच बघायची. मारताना आबाचं तोंड कसं व्हायचं, मला आठवतबी न्हाय."

आपण दोघांनी आपल्या बापाविषयी, आबांविषयी, एवढंच बोललेलं मला आठवतं. चाळीस वर्षांत एवढंच. म्हणून आता, तू ऐकत नसताना, उरलेलं मी लिहितो.

तू बाराची होतीस, मी सहाचा. आबा बैलाची वादी घेऊन स्वयंपाकघरात शिरले की तू मला ओढत वैरणीच्या आडोशाला न्यायचीस. तिथून दार दिसायचं. वादीचा आवाज यायचा, भांड्यांचा यायचा, मायचा मात्र यायचा नाही. तू दोन बोटांनी माझी हनुवटी धरायचीस आणि म्हणायचीस, "माझ्याकडं बघ. तिकडं नको. सतराचा पाढा म्हण." मी म्हणायचो. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. नजर दाराकडं सरकली की तू थोबाडीत द्यायचीस. ती थोबाडीत मला बरी वाटायची, कारण ती कशासाठी आहे ते कळायचं. एकशे सत्तरपर्यंत पोचेतो आत बहुधा संपलेलं असायचं. संपलं नसेल तर तू म्हणायचीस, "परत म्हण." आबा एकदा वैरणीकडंही आले. त्या वेळी तू मला खाली दाबलंस आणि वर झोपलीस. तुझ्या पाठीवरचे वळ मी मोजले नाहीत. तू मोजू दिले नाहीस. तेव्हाही माझी हनुवटी तुझ्या हातात होती.

पुढं तुला सासरी दिलं. अकरा महिन्यांनी तू परत आलीस, पुढचे दोन दात नसलेली. माणसं विचारायला आली तेव्हा तू दारात उभी राहून म्हणालीस, "मला दोनच गेले. त्याला इचारा त्याचे किती ऱ्हायले." मग कुणी विचारलं नाही. डोंगराकडचा तुकडा कुणाला नको होता. तो आबांनी तुझ्याकडं टाकला आणि तू तो कसलास, मरेपर्यंत.

तर काठी बाजूला ठेवायला तू तयार झालीस. पण मग वेगळीच अडचण निघाली. पुस्तकात लिहिलं होतं की खाणं मुठीत धरावं, हात बाजूला करावा, आणि गप्प उभं राहावं. कुत्रं मूठ चाटेल, नखं मारेल, भुंकेल. शेवटी कंटाळून तोंडाकडं बघेल. त्याच क्षणी शाबासकी द्यावी आणि हातानं खाऊ घालावं. हे तुला जमेना. आपल्याकडं कुत्र्याला कुणी हातानं चारत नाही. शेवटची भाकर मोडायची आणि अंगणात टाकायची, हीच रीत. जिलबीनं नजर दिली की तू हरखून भाकरीचा तुकडा लांब भिरकवायचीस, आणि ती तोंड सोडून मातीकडं पळायची. आठ दिवस हेच चाललं. कुत्रीचं चुकत नव्हतं. तुझंही नव्हतं. भाकर टाकायची असते हे तुझ्या हाताला माहीत होतं. जन्मापासून प्रत्येक कुत्र्याला आपण जमिनीकडं बघायला शिकवत आलो, आणि वर म्हणायचो की कुत्रं मालकाकडं बघत नाही.

"हातानं दे," मी म्हणालो.

"हातानं लेकराला देत्यात. कुत्र्याला टाकत्यात."

"मग लेकराला दे."

तू माझ्याकडं असं पाहिलंस की मी दोन पावलं मागं झालो. पण दिलंस. तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून हात पुढं केलास, चटका बसणार असल्यासारखा ताठ. जिलबीनं तो उचलला. तू हात लुगड्याला पुसलास आणि थोड्या वेळानं म्हणालीस, "ओठ मऊ हायेत हिचे." मग दुसरा तुकडा दिलास. मी ओसरीवर गेलो आणि पुस्तक उघडून बसलो, पण वाचलं नाही. तुला तसं पाहण्याची मला सवय नव्हती.

त्यानंतर तू मला मागं टाकलंस. पुस्तकात सांगितलं होतं की आधी दोन अंक मोजेपर्यंत नजर धरून ठेवावी, मग पाच, मग वीस. तू अंक मोजले नाहीस. एका रविवारी आलो तर तू रानात उभी, जिलबी समोर बसलेली, तिचं लांब नाकाड वर, डोळे तुझ्या डोळ्यांत, आणि तू पुटपुटत होतीस, "सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी." कोंबड्या मधून गेल्या. शेळीचं करडू तिच्या पाठीला घासून गेलं. पाढा संपला. तू म्हणालीस, "बेस," आणि खोबरं दिलंस. माझ्याकडं वळून न बघता म्हणालीस, "काय बघतोस? तुझा काय एकट्याचा हाय का पाढा?"

सोडायचा शब्द एकच होता, सगळीकडं असतो तोच. छू. तू छू म्हणालीस की ती बाण सुटावा तशी जायची. छू म्हटलं नाहीस तर जगात काही झालं तरी हलायची नाही. खुरपणीच्या दिवसांत दत्ता त्याची दोन कुत्री घेऊन बांधावर गप्पा मारत उभा होता आणि ज्वारीतून ससा उठला. त्याची दोन्ही गेली. जिलबी थरथरत होती, कातडीखालचा प्रत्येक स्नायू दिसत होता, पण डोळे तुझ्या तोंडावर. दत्ता म्हणाला, "कारवानी हाय का शेळी? दाव्याला बांध, दूध तरी दील."

तू म्हणालीस, "तुझी गेली बग दोनीबी. आता हुडकत बस. माझी हितंच हाय."

त्याच दिवशी तू त्याला तारेवरून बोललीस. डुकरांसाठी त्यानं बांधाला तारेचे फास लावले होते. तू म्हणालीस, "काढ ते. अडकून सुटलेलं डुक्कर मोकळ्या डुकरापरास वंगाळ आसतं. त्ये समोर दिसंल त्याला धरतं." तो म्हणाला, "मास्तरच्या पुस्तकात हाय का हे?" तू म्हणालीस, "भुऱ्याच्या पोटात व्हतं." तो हसत गेला. फास तसेच राहिले.

आणि आपला तो वाद, अक्का, जो अर्धा राहिला. गेल्या महिन्यात मी निघताना तू जिलबीच्या मानेवर हात ठेवून उभी होतीस. म्हणालीस, "हिला आता दुसरं शिकवायचं. मी पडले, मला बोलाया आलं न्हाय, तर मी न सांगता हिनं माझं तोंड सोडून उठावं. ते तुझ्या पुस्तकात कुठल्या पानाव हाय?"

मी म्हणालो, "आधी हे पक्कं होऊ दे. दोन गोष्टी एकदम शिकवल्या की कुत्रं गोंधळतं. दिवाळीनंतर बघू."

"डुकराला दिवाळी ठावं हाय का?"

मी हसलो. एसटीची वेळ झाली होती.

तू गेल्यापासून तेवीस दिवस मी तो हसण्याचा आवाज ऐकतोय. वाद मी जिंकलो होतो. काठीनं शिकवलेली कुत्री काठीपेक्षा मोठी भीती दिसली की मोडते, असं पुस्तकात होतं, आणि ते खरं आहे. काठीनं शिकवली असती तर त्या मंगळवारी जिलबी मोडली असती, उठली असती, एक तर पळाली असती नाहीतर डुकराच्या अंगावर गेली असती. माझ्या रीतीनं शिकवली, म्हणून ती बसून राहिली. पहिल्या दिवशी मला एवढंच कळत होतं.

डुक्कर दुसऱ्या दिवशी ओढ्यात मेलेलं सापडलं. मागच्या पायात तार होती, हाडापर्यंत रुतलेली. वनखात्याची माणसं आली, त्यांनी ती तार कापून घेतली आणि विचारलं, कुणाची. दहा-बारा माणसं उभी होती. प्रत्येकाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. दत्ता माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभा होता. मी खाली बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून परत आलो. माणसं अंगणात बसली होती, चहा चालला होता. दत्ता म्हणाला, "ह्या कुत्रीचं आजच काय ते करू. असली दारात ठिवू नये. कुऱ्हाड आणतो."

मी म्हणालो, "थांब. मी बघतो."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कधी मोठ्यानं बोललो नव्हतो, तेव्हाही मोठ्यानं बोललो नाही. दाराआडची तुझी काठी घेतली आणि जिलबीला गोठ्यामागं नेलं. तिला वाचवायला मी उठलोय असं काहींना वाटलं असेल. मला स्वतःला तसं वाटत होतं का, हे मी खरंच सांगू शकत नाही.

गोठ्यामागं मी म्हणालो, "माझ्याकडं बघ."

ती बसली आणि तिनं बघितलं. पूर्ण. तुझ्याकडं बघायची तसं. तो क्षण मला सहन झाला नाही. मी काठी उचलली आणि तिच्या पाठीवर घातली. ती किंचाळून बाजूला पडली, उठली, जागेवर आली, बसली आणि पुन्हा माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी पुन्हा मारलं. बरगड्यांवर. पुन्हा ती आली. मी ओरडत होतो, "उठली का न्हाईस? उठली का न्हाईस?" आवाज आबांचा होता, अक्का. शब्द माझे होते, आवाज त्यांचा. काठीच्या टोकाची गाठ तिच्या मागच्या डाव्या पायावर बसली तेव्हा हाडाचा आवाज आला. ती पडली, पुढच्या दोन पायांवर सरकत परत आली. बसता येत नव्हतं तरी मान वर केली. एकदाही तिनं काठीकडं पाहिलं नाही. पहिल्या महिन्यात जी काठी सोडून दुसरं काही बघत नव्हती तीच ही कुत्री. मारताना माझं तोंड कसं होतं, हे जगात तिनं एकटीनं पाहिलंय.

मला दत्ताला मारायचं होतं. तो अंगणात चहा पीत होता. त्याच्याकडं कुऱ्हाड होती, आणि त्यानं उलट मारलं असतं. म्हणून मी तिला मारलं. आबाही असेच निवडून मारायचे.

सावित्रामावशीनं मागून काठी धरली. त्या दिवशी तुझ्यासोबत भुईमूग उपटायला तीच होती. तिनंच ओरडून माणसं गोळा केली, आणि तेव्हापासून ती कुणाशी बोलली नव्हती. पंचनाम्याच्या वेळीही तिच्या वतीनं माणसंच बोलली होती.

"मारा," ती म्हणाली. "मग मलाबी मारा. मीबी बघतच व्हते. माझं पाय हाललं न्हाईत. मला का मारत न्हाई तुमी?"

माझ्या हातातून काठी गेली. मी खाली बसलो. मावशीही बसली. जिलबीच्या पायाला हात न लावता ती तिच्याशेजारी टेकली आणि जमिनीकडं बघत सांगायला लागली.

"तुरीतनं आलं ते. अक्का वाकलेली व्हती. पयल्या धडकंलाच पडली. कुत्री उठली, मास्तर. कोन म्हणतं उठली न्हाई? उठली आन् दोन पावलं गेली. अक्का म्हणली, बस. माझ्याकडं बघ. ती बसली. डुकरानं परत घेतलं. कुत्री परत उठली. अक्कानं परत बसवली. माझ्याकडं बघ, तिकडं नको, म्हणली. पडल्या पडल्या हात आसा केला." मावशीनं दोन बोटं हवेत धरली, कुणाची तरी हनुवटी धरावी तशी. "मग कायतर आकडं म्हणाया लागली. मला वाटलं डोस्क्यात गेलं तिच्या. सतरा म्हणली. चौतीस म्हणली. एक्कावन म्हणली."

"अडुसष्ट," मी म्हणालो.

"व्हय. तितं थांबली. तवर डुक्कर गेलं व्हतं वढ्याकडं. कुत्री तशीच बसलेली."

मावशी म्हणाली, "लई ताकतीची बाई. दोनदा कुत्री बसवली. पर छू म्हणली न्हाई एकदाबी."

अक्का, छू एकच अक्षर आहे. अडुसष्टपर्यंत यायला जेवढा श्वास लागतो त्याच्या कितीतरी कमी श्वास छू म्हणायला लागतो. म्हणजे तुला बोलता येत होतं. तू मला विचारलं होतंस की बोलता आलं नाही तर काय, आणि तसं झालंच नाही. भुऱ्याला करवंदीतून काढताना तू जे पाहिलंस ते तुला पुन्हा पाहायचं नव्हतं. एवढं मला समजतं. तरी राग येतो. एवढं मोठं तू कुणाला विचारून ठरवलंस? एका कुत्रीपायी, असं मी म्हणणार होतो, पण ते वाक्य माझ्याच्यानं पुरं होत नाही. वैरणीच्या आडोशाला तू माझ्यावर झोपलीस तेव्हाही कुणाला विचारलं नव्हतंस. तेव्हा मला राग आला नव्हता. मला पाढा म्हणायचा होता.

हे तुला कधी सांगितलं नाही. माझी हनुवटी धरलीस म्हणून मी वाचणारा माणूस झालो. समोर काही भयंकर चाललं असताना जवळच्या एका गोष्टीवर नजर ठेवून पुढं जात राहायचं, हे मला तू शिकवलंस. मी ते पुस्तकांवर केलं आणि त्याला वाचनाची आवड म्हणत आलो. चुलीवरून भांडं पडल्याचा आवाज मला अजून सतराच्या पाढ्यात येतो. पण पाढा पुरा होतो. दर वेळी पुरा होतो.

चौथ्या दिवशी मी येडशीतल्या वनखात्याच्या ऑफिसात गेलो आणि तार कुणाची होती ते लिहून दिलं. साहेबांनी विचारलं, "आधी का सांगितलं नाही?" मी म्हणालो, "बघितलं नव्हतं मी तिकडं." दत्ता दहाव्याला आला नाही. त्याच्या घरचंही कुणी आलं नाही. बांधावरचे फास त्यानंच काढून नेले, असं मावशी फोनवर म्हणाली. भुईमूग तिनं काढून वाळत घातलाय. तुझं रान पुढं कोण कसणार ते अजून ठरलेलं नाही.

जिलबीला मी भूमला आणलं. या वेळी ती पिशवीत मावली नाही, एका ओळखीच्याच्या टेम्पोतून आणली. दिवसा ती वाचनालयाच्या पायरीवर बसते. कुणी दार उघडलं की त्याच्या तोंडाकडं बघते, थोडा वेळ थांबते, मग मान खाली घालते. संध्याकाळी कुलूप लावल्यावर मी खोबऱ्याचा तुकडा तळहातावर ठेवतो. ती माझ्याकडं बघते. मी पाढा म्हणतो. छू मी अजून एकदाही म्हटलेलं नाही. दिवाळी परवावर आली आहे. दिवाळीनंतर तिला जे शिकवायचं होतं ते शिकवायला आता कुणी पडणारं नाही.

तुझी काठी मी मोडली नाही. ती तुझ्या दाराआडच आहे.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाय तपासला. म्हणाले, चालेल, पण लंगडेल. आता ती चालते. मागच्या डाव्या पायानं लंगडते. लोक विचारतात, डुकरानं केलं का. मी सांगतो, नाही, मी केलं.